नाताळच्या घरगुती भेटी : पंधराशे रुपयांत वीस घरे

निर्मळची सून :
आम्ही वसई तालुक्यात राहतो. यंदा घरात एकच पगार असल्यामुळे नाताळच्या भेटींवर पंधराशे रुपयांहून अधिक खर्च करणे शक्य नाही. मात्र शेजारी, नातलग आणि यजमानांचे सहकारी धरून वीस घरे तरी होतात. दरवर्षी आम्ही नेवऱ्या (करंज्या), कलकल (मैद्याचे तळलेले गोड शिंपले), केक आणि दोदोल (नारळ-गुळाची मऊ मिठाई) असे ताट भरून देतो. यंदा मेणबत्त्याही घरीच कराव्यात, त्या स्वस्त पडतील, असा विचार आहे. वेळ भरपूर आहे. काय करावे आणि काय वगळावे?

मडगावकर :
ताई, ताटाचा हट्ट यंदा सोडावा. आमच्याकडे गोव्यातही शेजाऱ्यांना कोन्सुआद, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचे ताट, पाठवताना जिन्नस किती, हे पाहिले जाते, पण चार पदार्थ थोडे थोडे करण्यात खर्च चारही बाजूंनी होतो. दोदोलाला नारळ आणि काळा गूळ फार लागतो, शिवाय तासन्‌तास घोटत बसावे लागते. केवळ कलकल करावेत. अडीच किलो मैदा, पाऊण किलो साखर, चार नारळांचे दूध आणि मोहनापुरते तूप एवढ्यात प्रत्येक घरी दीडशे ग्रॅमची पुडी सहज जाते आणि तळणाच्या तेलासह हिशेब हजाराच्या आत राहतो.

पीठ पुरीसारखे घट्ट भिजवून तासभर झाकून ठेवावे. काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर सुपारीएवढी गोळी दाबून वळवली की शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. आच मंदच हवी. मोठ्या आचेवर वरून रंग येतो आणि आतून कच्चे राहून दोन दिवसांत चामट होतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत. नेवऱ्या करायच्याच असतील, तर सारणात ओल्या नारळाऐवजी सुके खोबरे भाजून घालावे, अन्यथा त्या टिकत नाहीत.

बोळिंजचे काका :
मेणबत्त्यांचा बेत मला पटत नाही. मेण, वात, रंग, सुगंध आणि साचे असे सगळे विकत आणल्यावर एक मेणबत्ती दुकानातल्या मेणबत्तीपेक्षा महाग पडते. मेण थेट आचेवर वितळवणे धोक्याचे, हे निराळेच. त्याऐवजी तारे, म्हणजे चांदणीच्या आकाराचे कंदील, करावेत. बांबूच्या पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधून त्यांची पाचही टोके एकमेकींना घट्ट बांधावीत आणि आतल्या पाच सांध्यांत वीतभर काड्या आडव्या अडकवाव्यात. त्यामुळे मध्ये फुगवटा येतो. पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवावा. आत एलईडीचाच दिवा लावावा, कारण साधा बल्ब तापतो. वीस तारे मात्र करू नयेत. हात सोलून निघतील. लहान मुले असलेल्या चार-पाच घरांपुरते पुरेत.

पुण्याची मावशी :
वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, तथापि खरा पैसा वेष्टनात जातो. काचेच्या बरण्या घेतल्या, तर आतल्या खाऊपेक्षा बरणीच महाग पडेल. कलकल बटर पेपरमध्ये गुंडाळून जुन्या सुती साडीच्या नाडीवाल्या थैलीत भरावेत. एका साडीत वीस थैल्या निघून कापड उरते.

निर्मळची सून :
सर्वांचे आभार. मेणबत्त्या रद्द. तळण किती आधी केले तर चालेल?

मडगावकर :
हवाबंद डब्यात कलकल दोन आठवडे कुरकुरीत राहतात. 15 डिसेंबरनंतर तळावेत आणि पुड्या 23 तारखेला बांधाव्यात. त्याआधी बांधल्यास घरातलीच मंडळी फोडतात.