मदत हवी आहे: ‘९६ टीअर्स’चं १९६६ मधलं मूळ ध्वनिमुद्रण कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

नाशिकला आमचा एक छोटा श्रवणगट आहे. दर महिन्याला कुणीतरी एकजण तासाभराचं सत्र घेतं. गाणी ऐकवायची आणि ती करणारी माणसं कोण होती ते सांगायचं. पुढचं सत्र माझ्याकडे आहे आणि मी ‘? अँड द मिस्टीरियन्स’ हा अमेरिकन गॅरेज रॉक बँड निवडलाय. (नावात खरोखरच प्रश्नचिन्ह आहे, म्हणताना ‘क्वेश्चन मार्क’ म्हणायचं.) त्यांचं ‘९६ टीअर्स’ इथल्या बऱ्याच जणांच्या कानावरून गेलं असेल. ऑर्गनची तीच ती बोचरी सुरावट पुन्हापुन्हा येते आणि त्यावर एक माणूस जवळजवळ बोलल्यासारखा गात आपल्याला सोडून गेलेल्या मुलीला सांगतो, की आज तू वर आहेस, पण माझे दिवस येतील तेव्हा रडायची पाळी तुझी असेल.

अडचण अशी की मी ज्या अ‍ॅपवर गाणी ऐकते तिथे या एकाच गाण्याच्या बऱ्याच नोंदी आहेत. काहींवर आल्बमचं नाव ‘साठच्या दशकातली हिट गाणी’ छापाचं, कव्हरवर बँडचा फोटोसुद्धा नाही. दोन नोंदी लागोपाठ ऐकल्या तर गायक तोच वाटतो, पण ढोल-बेसचा आवाज अगदी वेगळा. एकात सगळं एकमेकांत मिसळलेलं, दुसऱ्यात प्रत्येक वाद्य सुटंसुटं. वाचनातून कळलं की १९९७ मध्ये बँडने आपली जुनी गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली होती. मग मूळ कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे खात्रीने कसं ठरवायचं? आमच्या गटात कान तयार असलेली माणसं आहेत, त्यांना मला १९६६ चाच आवाज ऐकवायचाय.

हा हट्ट का, ते सांगते, कारण त्यातच माझा दुसरा प्रश्न आहे.

ही मुलं मिशिगन राज्यातल्या बे सिटी आणि सॅगिनॉ भागातली. सगळी मेक्सिकन वंशाची. त्यांची कुटुंबं टेक्सासकडून शेतमजुरीसाठी उत्तरेला आलेली. १९६२ च्या सुमारास तिघांनी मिळून वाजवायला सुरुवात केली: गिटारवर बॉबी बाल्डेरामा आणि लॅरी बोर्हास, ड्रम्सवर रॉबर्ट मार्टिनेझ. नाव घेतलं १९५७ च्या एका जपानी विज्ञानपटावरून. पुढे रॉबर्टचा भाऊ रूडी गायक म्हणून आला. हाच तो ‘क्वेश्चन मार्क’. त्याने पुढे कायदेशीररीत्या आपलं नावच ‘?’ करून घेतलं. डोळ्यांवरचा काळा चष्मा काढायचा नाही, आणि मुलाखतीत सांगायचं की मी मंगळावरून आलोय, डायनासोरांच्या काळातही मी होतो. पोरांना या माणसाविषयी काय वाटत असेल, कल्पना करा.

लॅरी आणि रॉबर्ट सैन्यात गेले, तेव्हा व्हिएतनामचं युद्ध सुरू होतं. त्यांच्या जागी बेसवर फ्रँक लुगो आणि ड्रम्सवर एडी सेराटो आले. ऑर्गनवर फ्रँक रॉड्रिग्ज. १९६६ मध्ये बे सिटीतल्या एका घरातच थाटलेल्या छोट्या स्टुडिओत गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा बाल्डेरामा आणि रॉड्रिग्ज जेमतेम १५-१६ वर्षांचे होते. त्यांच्या व्यवस्थापक लिली गोन्झालेस यांच्या ‘पा-गो-गो’ नावाच्या अगदी लहान लेबलवर तबकडी निघाली. एका बाजूला ‘९६ टीअर्स’, दुसऱ्या बाजूला ‘मिडनाइट अवर’. आसपासच्या शहरांतल्या रेडिओ केंद्रांनी ते उचलून धरलं, फिलाडेल्फियाच्या कॅमिओ-पार्कवे कंपनीने हक्क घेतले, आणि २९ ऑक्टोबर १९६६ च्या बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गाणं पहिल्या क्रमांकावर आलं. आदल्या आठवड्यात तिथे ‘फोर टॉप्स’ होते, नंतरच्या आठवड्यात ‘मंकीज’ आले. म्हणजे एका बाजूला मोटाउन या बड्या रेकॉर्ड कंपनीचा (‘फोर टॉप्स’ तिचेच) कारखाना, दुसऱ्या बाजूला टीव्ही मालिकेसाठी उभा केलेला बँड, आणि मधला आठवडा शेतमजुरांच्या या मुलांचा. मला हा आठवडा फार मोठा वाटतो.

बहुतेक ठिकाणी यापुढे एकच वाक्य असतं: ‘वन हिट वंडर (एकच गाणं गाजलेला बँड), नंतर विस्मरणात.’ मला ते पटत नाही. जाणकारांनी सांगावं, सत्रात त्यांची ओळख अशी करून द्यावी का? आणि नसेल करायची, तर त्या एका गाण्यानंतर नेमकं काय झालं ते पाच-दहा मिनिटांत कसं मांडावं?

तिसरा, छोटा प्रश्न: भाचीकडे साधा कीबोर्ड आहे. ऑर्गनची ती सुरावट तिच्याकडून प्रत्यक्ष वाजवून घ्यायची आहे. त्यातला कुठला आवाज लावावा?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद – तबकडीवाला

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. गाण्याच्या नावावर जाऊ नका, खालची हक्कांची ओळ बघा. आल्बमच्या माहितीत अगदी शेवटी, बारीक अक्षरांत असते. तिथे ‘एबीकेसीओ’ (कॅमिओच्या टेप पुढे जिच्याकडे गेल्या ती कंपनी) असेल तर ते कॅमिओचं मूळ मुद्रण. ‘कलेक्टेबल्स’ हे लेबल असेल तर १९९७ चं. आणि स्वस्तातल्या संकलनांवर बऱ्याचदा कुठेतरी ‘री-रेकॉर्डेड’ असं लिहिलेलं असतं, ते दिसलं की पुढे जायचं. २००५ साली एबीकेसीओने कॅमिओ-पार्कवे काळातल्या गाण्यांचं ‘बेस्ट ऑफ’ काढलं, तेच शोधा. त्यात घोळ नाही.

कानाने ओळखायचं तर मूळ मुद्रण मोनो आहे, सगळं एकाच ठिकाणाहून येतं. तुम्ही ‘एकमेकांत मिसळलेलं’ म्हणताय तेच तुम्हाला हवंय. त्या गाण्याची निम्मी ताकद त्या कोंदट आवाजात आहे. मोठ्या स्पीकरवर बेस वाढवून लावू नका, आवाज आहे तसाच राहू द्या.

आता हा गोंधळ मुळात झालाच का, हे सत्रात जरूर सांगा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. कॅमिओ-पार्कवे १९६७ मध्ये डबघाईला आली आणि ॲलन क्लाइन यांनी ती ताब्यात घेतली. तेच बीटल्स आणि रोलिंग स्टोन्सच्या व्यवहारांमुळे गाजलेले क्लाइन. त्या कंपनीचंच एबीकेसीओ झालं. कॅमिओच्या मूळ टेप त्यांच्याकडे गेल्या आणि बहुतेक सगळ्या तशाच पडून राहिल्या. सीडीचा जमाना आला, साठच्या दशकातले लहानसहान बँडसुद्धा सीडीवर आले, पण पहिल्या क्रमांकाचं हे गाणं अधिकृत सीडीवर यायला २००५ उजाडलं. बँडला स्वतःचीच गाणी विकता येईनात, म्हणून १९९७ मध्ये त्यांनी ती नव्याने वाजवली. लोक त्या मुद्रणाला ‘नक्कल’ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. वाजवणारी माणसं बहुतेक तीच होती. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

प्रतिसाद – आठवी फांदी

मी थोडं वेगळं मत मांडते. ‘वन हिट वंडर’ म्हणायला हरकत नाही असं मला वाटतं. आकड्यांनी बघितलं तर ते खरं नाही, कारण ‘आय नीड समबडी’ बिलबोर्डवर २२ व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं आणि १९६७ मधलं ‘कान्ट गेट इनफ ऑफ यू, बेबी’ ५६ पर्यंत. (हे दुसरं पुढे १९९८ मध्ये ‘स्मॅश माउथ’ने गायलं, तरुण मंडळींना तेच माहीत असेल.) पण लोकांच्या मनात एकच गाणं राहिलं हेही खरंच ना? ‘आय नीड समबडी’ ऐकून बघा, बेत पहिल्याच गाण्याचा आहे: तोच ऑर्गन, तीच चाल, तोच दुखावलेला सूर. कंपनीला दुसरं ‘९६ टीअर्स’ हवं होतं आणि पोरांनी ते दिलं. ‘ॲक्शन’ हा दुसरा आल्बम १९६७ मध्ये आला तोवर कंपनीच कोसळत होती. नंतर कॅपिटल, मग रे चार्ल्स यांचं टँजरीन, मग सुपर के, अशा एकेका लेबलवर एखादी तबकडी निघाली आणि विरून गेली.

पण या गाण्याचा प्रवास बँडपेक्षा कितीतरी लांबचा झाला, तो मात्र सांगाच. १९६७ मध्येच बिग मेबेल आणि अरीथा फ्रँकलिन या दोन अमेरिकन गायिकांनी ते गायलं. १९८१ मध्ये गारलँड जेफ्रीज, १९९० मध्ये ‘स्ट्रँग्लर्स’, त्यांचं तर ब्रिटनमध्ये १७ व्या क्रमांकापर्यंत गेलं. अरीथांचं मूळ गाण्याच्या शेजारी ठेवून ऐकवा. त्या वरच्या पट्टीत चढतात, ‘क्वेश्चन मार्क’ कुठेच चढत नाही. तो त्याच दोन-चार सुरांत ठाण मांडून बसतो, म्हणून त्याची धमकी खरी वाटते. अरीथांची भक्त असूनही या गाण्यात मी मूळ गायकाच्या बाजूने आहे.

प्रतिसाद – किल्ली

कीबोर्डबद्दल. हॅमंड किंवा चर्च ऑर्गनचा आवाज अजिबात लावू नका. यादीत ‘कॉम्बो ऑर्गन’ किंवा ‘सिक्स्टीज ऑर्गन’ असं काही असेल तर ते. नसेल तर ड्रॉबार ऑर्गन लावून ‘रोटरी’ बंद करा. आवाज गरगरता कामा नये, सरळ आणि पातळ हवा. ‘टच’ बंद करा, म्हणजे कळ हळू दाबली काय, जोरात दाबली काय, आवाज तेवढाच येईल. त्या काळच्या ट्रान्झिस्टर ऑर्गनमध्ये तसंच होतं. सस्टेन पेडल नको. प्रत्येक स्वर तोडून वाजवायचा.

मूळ वाद्य व्हॉक्स की फार्फिसा यावर रसिक अजून भांडतात, त्यात पडू नका. दोन्ही उचलून नेता येतील असे ऑर्गन, दोन्हींची जात एकच. व्हॉक्स कॉन्टिनेंटलचं चित्र मात्र दाखवा: लाल-नारिंगी झाकण, तिरके चकचकीत पाय, आणि पट्ट्यांचे रंग उलटे. पांढऱ्यांच्या जागी काळ्या, काळ्यांच्या जागी पांढऱ्या. गटाला मजा वाटेल.

भाचीला हेही सांगा की मूळ वाजवणारा तिच्याच वयाच्या आसपासचा होता. सुरावट अवघड नाही. अवघड आहे ते तीन मिनिटं लय न ढळता, काहीही न सजवता तेवढंच वाजवत राहणं. सरावाला वेळ द्या.

प्रतिसाद – ग्रेट लेक्सकाठून

मी डेट्रॉइटजवळ राहते, बे सिटी इथून आय-७५ महामार्गाने दीडएक तासावर. ‘शेतमजूर’ एवढ्यावर सोडू नका, काम काय होतं तेही सांगा. सॅगिनॉ खोऱ्यात साखरेच्या बिटाची शेती आहे. तेव्हा बिटाच्या रोपांची विरळणी आणि खुरपणी हाताने, दिवसभर वाकून करावी लागे आणि त्यासाठी टेक्सासहून मेक्सिकन कुटुंबंच्या कुटुंबं हंगामाला येत. आपल्याकडे ऊसतोडीला बिऱ्हाड घेऊन जातात तसंच. यातली काही कुटुंबं परत न जाता इथेच राहिली, कुणाला मोटारींच्या कारखान्यांत काम मिळालं. आजही इथल्या दुकानात ‘पायोनियर’ साखर मिळते ती बिटाचीच, आणि ती करणाऱ्या कंपनीचं मुख्यालय बे सिटीतच आहे. आम्ही सगळे मराठी लोक तीच चहात घालतो.

आणखी एक. १९७१ मध्ये ‘क्रीम’ या डेट्रॉइटच्या मासिकात डेव्ह मार्श यांनी ‘क्वेश्चन मार्क’च्या एका कार्यक्रमाबद्दल लिहिताना ‘पंक रॉक’ हे शब्द वापरले, पुढे एका अख्ख्या बंडखोर संगीतप्रकाराचं नाव झाले तेच. छापील मजकुरात ते इतक्या लवकर फार क्वचित सापडतात. बँड तेव्हा यशाच्या शिखरावरून पाच वर्षं खाली आलेला होता, तरी तो वाजवत होता आणि ऐकणाऱ्याला त्यात पुढचं काही दिसलं. ‘नंतर विस्मरणात’ या वाक्याला एवढं उत्तर पुरे आहे.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार! हक्कांची ओळ बघितली, एबीकेसीओची नोंद सापडली. हाच आवाज हवा होता.

आठवी फांदी, तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, तरीही मी ‘वन हिट वंडर’ म्हणणार नाही. ते म्हटलं की दोष बँडकडे जातो, जणू त्यांच्याकडे एवढंच होतं. इथे कंपनी बुडाली, टेप कुलपात गेल्या, दोन मुलं सैन्यात गेली. आणि तरी त्यांची १९८४ मधली डॅलसची पुनर्भेटीची मैफल पुढे कॅसेटवर निघाली, नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते न्यूयॉर्कच्या गॅरेज रॉक महोत्सवात वाजवत होते. २००७ मध्ये ‘क्वेश्चन मार्क’चं घर जळालं, आयुष्यभराचे कपडे, कागद, आठवणी गेल्या, तेव्हा त्याच्यासाठी संगीतकारांनी मदतीचे कार्यक्रम केले. एका गाण्याच्या जोरावर कुणाला अशी माणसं मिळत नाहीत.

क्रम असा धरलाय: आधी भाचीची सुरावट, मग मूळ ‘९६ टीअर्स’, मग ‘आय नीड समबडी’, अरीथा, आणि शेवटी १९९७ चं मुद्रण, टेपची हकीकत सांगून. तबकडीवाला, ‘मिडनाइट अवर’ यात कुठे बसवावं?

प्रतिसाद – तबकडीवाला

‘९६ टीअर्स’च्या लगेच नंतर. तबकडी उलटली की तेच लागायचं.