सरकारी जिऑलॉजिस्ट म्हणतात सोनं नाही, कंपनी म्हणते भरपूर आहे. कोणाचं खरं धरायचं?

निशाचर

एका मित्राने अमेरिकेत नेवाडातल्या एका छोट्या खाण कंपनीत पैसे घातलेत आणि आता मलाही गळ घालतोय, नाव लिहीत नाही. सरकारी जमिनीवर त्यांचे बरेच प्लेसर क्लेम (खाणकामाच्या हक्काचे दावे) आहेत, प्लेसर म्हणजे वाळू-गोट्यातलं सोनं. मधे तो भाग सरकारने नव्या खाणींसाठी बंद केला, त्यामुळे बीएलएमचा (सरकारी जमीन सांभाळणारं खातं) माणूस येऊन सॅम्पल घेऊन गेला आणि त्याच्या रिपोर्टात सोनं जवळपास शून्य, आता क्लेम रद्द करायची केस चालू आहे. कंपनीचं म्हणणं की हे सोनं साध्या फायर अ‍ॅसेत (सोनं मोजायच्या नेहमीच्या चाचणीत) दिसतच नाही, आमच्या खास पद्धतीने टनाला 15 ग्रॅम येतं, आणि सरकारला खाणी नकोच आहेत म्हणून मुद्दाम जुनी पद्धत वापरली. वर नेवाडातल्याच कार्लिन खाणीचं उदाहरण देतात, तिथेही म्हणे अदृश्य सोनं होतं आणि आधी सगळे हसले होते. मला यातलं ओ की ठो कळत नाही पण कार्लिनचा मुद्दा पटल्यासारखा वाटतो. जाणकारांनी सांगा.

खडकफोड्या

कार्लिनचं नाव असल्या प्रत्येक पत्रकात असतं हो. ते सोनं अदृश्य होतं ते डोळ्याला आणि पॅनला (वाळू धुवायचं पसरट ताट), इतके बारीक कण की पॅनमधे काही उरायचंच नाही, पण साध्या फायर अ‍ॅसेत ते तेव्हाही यायचं आणि आजही येतं. फायर अ‍ॅसेत साधारण 30 ग्रॅम पूड शिशाच्या ऑक्साइडबरोबर मुशीत घालून हजार अंशांच्या वर तापमानाला सगळीच्या सगळी वितळवतात, शिसं खाली उतरताना सोनं-चांदी सोबत घेऊन येतं, मग ते शिसं काढून टाकून उरलेल्या मण्यातलं सोनं वजन करतात. दगडच वितळला तर कण बारीक आहे का जाड, कुठल्या खनिजात अडकलाय, याला काय अर्थ राहिला? कार्लिनच्या काही धातुकातून सोनं काढणं अवघड असतं, सोनं विरघळवायच्या सायनाइडला दाद देत नाही, आधी भाजावं लागतं किंवा ऑटोक्लेव्हमधे (दाबाच्या बंद भांड्यात) घालावं लागतं. पण काढायला अवघड आणि मोजायला अवघड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ही मंडळी बरोबर तिथेच गल्लत करतात.

आणि गंमत बघा, त्या भागाकडे बोट दाखवलं कोणी तर राल्फ रॉबर्ट्स नावाच्या यूएसजीएसच्या माणसाने, म्हणजे सरकारी जिऑलॉजिस्टनेच. 1960 मधे त्याने नेवाडातले खाणपट्टे एका रेषेत येतात असं लिहिलं, ते ऐकून न्यूमाँट या खाण कंपनीचे लोक गेले आणि 1961 मधे कार्लिन सापडलं. सरकारी लोक हसत होते ही कथा कुठून आली देव जाणे.

बाकी, कार्लिनसारख्या उघड्या खाणी टनाला एक-दोन ग्रॅमवर सुद्धा चालतात. वरच्या वाळूत खरंच 15 ग्रॅम असतं तर मोठ्या कंपन्या दारात उभ्या असत्या, तुमच्या मित्राचे पैसे कशाला लागले असते?

वाकडीवाट

अधिकाऱ्यांना एवढं डोक्यावर घ्यायची गरज नाही. मी स्वतः एका जुन्या क्लेममधे भागीदार होतो (दुसऱ्या राज्यात) आणि परमिटसाठी जो छळ झाला तो माझ्यापाशी. प्लेसरमधे सोनं एकसारखं पसरलेलं नसतं, एका बादलीत जाड कण आला तर लॉटरी, शेजारच्या बादलीत काहीच नाही, त्यामुळे तीस-चाळीस ग्रॅमच्या पुडीवर प्लेसरचा निकाल लावला असेल तर तो चुकीचाच. तिथे घनफळाने मोठी सॅम्पल घेऊन धुवावी लागतात. हे तपासा की बीएलएमवाल्याने किती माती घेतली.

खडकफोड्या

@वाकडीवाट हे शंभर टक्के मान्य. पण मग भांडण सॅम्पलच्या आकाराचं झालं, तसं असेल तर मोठं सॅम्पल घ्या आणि तीच साधी पद्धत लावा. कंपनी तसं म्हणत नाहीये, ती म्हणते पद्धतच आंधळी आहे. जाड कण असेल तर तो पॅनमधे डोळ्याने दिसतो, त्याला खास केमिस्ट्री लागत नाही. दोन्ही सबबी एकदम नाही चालत.

कायदेपंडित_नाही

कायद्याची बाजू थोडक्यात, मी वकील नाही पण या केसेस वाचायचा नाद आहे. 1872 चा मायनिंग लॉ अजून चालू आहे. खुंट्या ठोकून, नोंद करून, दरवर्षी फी भरून क्लेम टिकतो खरा, पण त्याखाली मौल्यवान खनिजाचा 'शोध' लागलेला असला पाहिजे. 1894 मधे कॅसल वि. वॉम्बल मधे कसोटी ठरली की शहाणा माणूस आपले कष्ट आणि पैसा त्यावर घालेल का, आणि 1968 च्या कोलमन केसमधे सुप्रीम कोर्टाने त्यात नफ्यात विकता येईल का हेही घातलं. म्हणजे थोडंफार सोनं असणं पुरेसं नाही, परवडायला हवं.

दुसरं, लोकांना वाटतं की सरकारने सोनं नाही हे सिद्ध करायचं. तसं नाहीये. सरकारने प्रथमदर्शनी केस उभी केली की पुढचं ओझं क्लेमवाल्यावर. आणि एक्झामिनरचं (सॅम्पल घेणाऱ्या सरकारी माणसाचं) काम तुमच्यासाठी सोनं शोधायचं नसतंच, तुम्ही दाखवाल तिथला शोध तो पडताळतो. म्हणून कंपनीला विचारा: जागा कोणी दाखवल्या? त्याच सॅम्पलचा अर्धा भाग तुम्ही घेतला होता का आणि तो कुठल्या लॅबला दिला? जागा यांनीच दाखवली असेल आणि अर्धा भाग घेतलाच नसेल तर मग ओरड कसली.

क्लेम बंदीच्या तारखेआधीचा असेल तर त्या दिवशीही शोध लागलेला असावा लागतो, नंतर भारी लॅब शोधून उपयोग नाही. कंपनीची खरी पंचाईत इथे आहे असं मला वाटतं.

मुंगळा

ब्रे-एक्स ही कॅनडाची खाण कंपनी विसरले का सगळे? इंडोनेशियात बुसांग, 1997. तिथे तर सरकार संशयी नव्हतंच, उलट हिस्सा कोणाला किती यावरून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या घरच्यांसकट सगळे भांडत होते, सोनं आहे का हे विचारायला कोणालाच वेळ नाही. कंपनी 7 कोटी औंस सांगत होती. मग फ्रीपोर्ट या अमेरिकन खाण कंपनीने भागीदार म्हणून शेजारीच भोकं पाडली, सोनं नगण्य. सॅम्पलमधे बाहेरून सोनं मिसळलं होतं, आणि कोअरचा (भोकातून काढलेल्या दगडाच्या दांड्याचा) अर्धा भाग जपून ठेवायचा सोडून जवळजवळ सगळा दळून टाकलेला त्यामुळे परत तपासायला काही शिल्लकच नाही. तेव्हा एखादा खडूस सरकारी माणूस असता तर कितीतरी लोकांचे पैसे वाचले असते.

निशाचर

सगळ्यांचे आभार. मित्राला विचारलं, तो म्हणतो लॅब कंपनीचीच आहे आणि पद्धत गुप्त आहे, पेटंट यायचंय म्हणून. बाहेरच्या लॅबला सॅम्पल द्यायला तयार आहेत पण 'आमच्या माणसाच्या देखरेखीखाली'. हे चालेल का?

खडकफोड्या

नाही. पद्धत गुप्त ठेवू देत खुशाल, मला ती बघायचीच नाही. दहा पिशव्या करा, त्यात तीनेक पिशव्या सोनं अजिबात नसलेल्या क्वार्ट्झच्या, दोन बाजारात मिळणाऱ्या प्रमाणित स्टँडर्डच्या (सोनं किती ते आधीच माहीत असलेली पूड), बाकी त्यांच्या जागेवरच्या पण माती तुम्ही उचललेली. सगळं सारखं दळून नुसते नंबर टाका, यादी तुमच्या खिशात. त्यांच्याच लॅबला द्या. नुसत्या क्वार्ट्झमधेही 10-15 ग्रॅम आलं तर सोनं त्यांच्या केमिकलमधून नाहीतर मशीनच्या चुकीच्या रीडिंगमधून येतंय. शिशाच्या ऑक्साइडमधे किंवा चाचणीत मुद्दाम घातलेल्या चांदीत आधीच थोडं सोनं असतं, तेही धरतात बरेच जण. देखरेखीचा माणूस पिशव्या बांधताना नको, एवढी एकच अट घाला आणि काय उत्तर येतं ते इथे कळवा.

वाकडीवाट

आणि माती खणताना मागे जे 'मदतनीस' उभे असतात ना, त्यांनाही लांब ठेवा.