ट्रेसी चॅपमनचा पहिला अल्बम: वेम्ब्लीमुळे चालला की गाण्यांमुळे?

रानपाखरू: अमेरिकन गायिका-गीतकार ट्रेसी चॅपमनच्या एप्रिल १९८८ मध्ये आलेल्या या अल्बमचा विषय निघाला की लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमचा किस्सा येतोच. ११ जून, मंडेलांच्या सत्तरीचा, टीव्हीवर जगभर दाखवलेला कार्यक्रम, स्टीव्ही वंडरच्या कीबोर्डची डिस्क हरवली आणि त्याच्या जागी, आधीच गाऊन गेलेल्या चॅपमनला पुन्हा मंचावर पाठवलं. ‘नशीब उघडलं’ म्हणून लोक मोकळे होतात. मला हे पटत नाही. तिच्या हातात फक्त एक गिटार होती. गाणी कच्ची असती तर तेवढ्या गर्दीसमोर ती पाच मिनिटं टिकली नसती.

सांजवेळ: टिकली, मान्य. पण हार्वर्ड स्क्वेअरच्या रस्त्यावर ती हीच गिटार घेऊन गायची, तेव्हा जगाला पत्ता नव्हता. रेकॉर्डिंगचा करारही कॉलेजमधल्या मित्राच्या वडिलांच्या ओळखीने झाला. अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला तो ऑगस्टमध्ये, वेम्ब्लीनंतरच. ३० सप्टेंबरला तर ती स्प्रिंगस्टीन, स्टिंग या बड्या गायकांबरोबर मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या अ‍ॅम्नेस्टीच्या दौऱ्यात दिल्लीत गात होती. चार महिन्यांत एवढी मजल टीव्हीनेच मारून दिली.

रानपाखरू: ‘बिहाइंड द वॉल’ ऐकलंय का? एकही वाद्य नाही. भिंतीपलीकडे बाईला मारहाण चाललीय, आणि नुसता आवाज. सिंथेसायझरच्या त्या काळात असं गाणं अल्बमवर ठेवायला तिला आणि निर्माता डेव्हिड कर्शेनबॉमला छाती लागली असणार. हे टीव्हीने दिलं नाही.

दुसरा_फ्रेट: गिटारबद्दल कुणीच बोलत नाही! याच अल्बममधल्या ‘फास्ट कार’ला दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या दुसऱ्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, बोटांनी छेडलेला एकच तुकडा कडवंभर फिरतो. गाण्यातली मुलगीही तशीच जागच्या जागी फिरते: दारुडा बाप, दुकानातली नोकरी, पुढे जोडीदारही बापासारखाच. ड्रम उसळतात ते ध्रुवपदात, गाडीच्या वेगाची आठवण निघते तेव्हा. वर्षभर वाजवतोय. सूर आठवड्यात बसले, तो संथपणा अजून बसत नाही.

सांजवेळ: सुंदर लिहिलंत. तरी माझा मुद्दा तिथेच आहे. २०२३ मध्ये अमेरिकन लोकढंगाच्या ‘कंट्री’ संगीताचा गायक ल्यूक कोम्ब्सने ‘फास्ट कार’ गायलं, आणि मग कुठे चॅपमनला कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘साँग ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला. ३५ वर्षांनी! तो मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय गीतकार. पुन्हा दुसऱ्याचाच मंच लागला ना?

दुसरा_फ्रेट: मंच त्याचा, पण त्याने गिटारचा तो तुकडा बदलला नाही. पुरुष असून ‘चेकआउट गर्ल’ (दुकानात बिलं करणारी मुलगी) हे शब्दही तसेच गायला.