मंगोलियन भाषेत मोजायला आणि वाचायला शिकायचे आहे : सुरुवात कुठून करावी?

गोबीतला_पुणेकर :

नमस्कार. कामाच्या निमित्ताने गेले तीन महिने मी मंगोलियाच्या दोर्नोगोबी प्रांतात, सैनशांद या गावाजवळ राहतो आहे. भारताच्या कर्जसाहाय्यातून येथे तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहतो आहे आणि आजूबाजूला भारतीय सहकारी भरपूर असल्यामुळे दिवसभरात मंगोलियन बोलण्याची वेळ क्वचितच येते. ती वेळ येते बाजारात, आणि तेथेच माझी फजिती झाली.

उंटाच्या लोकरीचे एक पांघरूण मला आवडले. दुकानदार बाईंनी किंमत सांगितली ती मी ‘तवन म्यांग’, म्हणजे पाच हजार तुग्रुग, अशी ऐकली आणि इतके स्वस्त कसे या आनंदात पाच हजारांची नोट पुढे केली. बाई हसल्या. त्यांनी कॅल्क्युलेटर उचलून त्यावर ५०००० हा आकडा दाबला आणि माझ्यासमोर धरला. त्या ‘तविन म्यांग’ म्हणाल्या होत्या. पाच आणि पन्नास यांत एवढाच फरक असेल, तर माझे येथे कसे निभावणार?

एक ते दहा मी पाठ केले आहेत : नेग, खोयर, गुरव (होय, गुरवच), दोरोव, तव, जुरगा, दोलो, नाइम, योस, अरव. परंतु वस्तू मोजायला गेलो की हेच शब्द वेगळे ऐकू येतात. दुसरा प्रश्न वाचण्याचा आहे. दुकानांच्या पाट्या रशियनसारख्या दिसणाऱ्या लिपीत असतात, तर नोटांवर त्याबरोबर वरून खाली उतरणारी एक निराळीच लिपी दिसते. यांपैकी कोणती आधी शिकावी? माहीतगारांनी कृपया सविस्तर लिहावे.

तूलकाठचा :

मी उलानबातरमध्ये काही वर्षे राहिलो आहे. तुमच्यासारखीच पाच-पन्नासची चूक मी टॅक्सीत केली होती, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो.

पाचाला ‘तव’ आणि पन्नासाला ‘तवि’ म्हणतात, पण शेवटचा ‘इ’ उच्चारात जवळजवळ गिळला जातो. त्याची खूण मागच्या स्वरावर उमटते : पाचातला ‘आ’ सरळ राहतो, तर पन्नासातला ‘आ’ आपल्या ‘बॅट’मधल्या ‘ॲ’कडे झुकतो. म्हणून शब्दाच्या शेवटाकडे कान लावण्याऐवजी मधल्या स्वराकडे लावावा. ‘थावन’ असे काही ऐकू आले तर पाच, ‘थॅविन’ ऐकू आले तर पन्नास.

मी ‘थ’ लिहिला, तो चुकून नव्हे. पुस्तकात जो ‘त’ छापलेला असतो तो मंगोलियन माणसाच्या तोंडून आपल्या कानाला ‘थ’ वाटतो, आणि ‘द’ म्हणून छापलेला असतो तो पुष्कळदा ‘त’ वाटतो, कारण त्यांच्या भाषेतला भेद घोष-अघोषाचा नसून मुख्यतः महाप्राण-अल्पप्राणाचा आहे. आपल्याकडे त, थ, द, ध असे चारही वर्ण असल्यामुळे हा भेद आपल्याला सहज ऐकू येतो. इंग्रजीवरून शिकणाऱ्यांची येथे जी तारांबळ उडते, ती आपली उडण्याचे कारण नाही. ‘दोलो’मधला ‘ल’ मात्र आपला नव्हे. जीभ ‘ल’च्या जागी ठेवून कडेने वारा सोडावा लागतो, आणि तो जमायला मला एक संपूर्ण हिवाळा लागला.

मराठी माणसाला आणखी एक गोष्ट फुकट मिळालेली आहे, ती म्हणजे दोन ‘च’ आणि दोन ‘ज’. ‘जुना’मधला ज आणि ‘जीव’मधला ज आपण विचार न करता वेगळे उच्चारतो, आणि मंगोलियनमध्ये या दोहोंसाठी स्वतंत्र अक्षरे आहेत. शंभराला ‘जू’ म्हणतात, तो ‘जुना’मधला ज. साठाला ‘ज्यार’ म्हणतात, तो ‘जीव’मधला. कोणी ‘जर-तर’मधल्या ‘जर’सारखे म्हणाले तर ऐकणारा गोंधळतो. त्याचप्रमाणे चहासाठीचा ‘त्साइ’ हा शब्द ‘चाक’मधल्या ‘च’ला थोडा श्वास जोडून म्हणावा, म्हणजे पुरते.

आता रूपे का बदलतात ते पाहू. नुसते मोजताना ‘गुरव’, पण तीन घोडे म्हणायचे तर ‘गुरवन मोर’. नामाच्या आधी संख्या आली की तिच्या शेवटी ‘न’ उगवतो : दोरवोन, तवन, जुरगान, दोलोन, नाइमन, योसोन, अरवन. ‘नेग’ आणि ‘खोयर’ तेवढे व्यवहारात जसेच्या तसे राहतात. नादाम उत्सवातल्या कुस्ती, घोडदौड आणि तिरंदाजी या तीन खेळांना ‘एरीन गुरवन नादाम’ म्हणतात, ते ध्यानात ठेवले की ‘गुरवन’ विसरत नाही. नाम मात्र एकवचनीच राहते. ते ‘तीन घोडा’ म्हणतात, ‘तीन घोडे’ नव्हे. संख्येनेच अनेकपणा सांगितला असताना नामाला पुन्हा कशाला वाकवायचे, हा त्यांचा हिशेब मला तरी पटतो.

दहाच्या पुढचे आपल्यापेक्षा फार सोपे आहे. वीस ते नव्वदपर्यंतची आठ नावे पाठ करावीच लागतात : खोरि, गुच, दोच, तवि, ज्यार, दाल, नया, येर. एवढे झाले की सारे हाती आले, कारण एकवीस म्हणजे ‘खोरिन नेग’, पस्तीस म्हणजे ‘गुचिन तव’, नव्व्याण्णव म्हणजे ‘येरेन योस’. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असे वाचन आले तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता! मंगोलियन मुले पहिल्यापासून तसेच मोजतात. (‘एकोणसाठ’ का म्हणतात, हे मी एका मंगोलियन मित्राला समजावून सांगण्याचा प्रयत्न केला होता. तो विषय पुन्हा काढलेला नाही.)

बाजारासाठी ‘म्यांग’ म्हणजे हजार सर्वांत आधी पक्के करा, कारण शंभराच्या आतल्या रकमेला तेथे फारसे काही मिळत नाही. साडेतीन हजार तुग्रुग म्हणजे ‘गुरवन म्यांग तवन जून तुग्रुग’. दूरध्वनी क्रमांक आठ आकडी असतो आणि तो जोड्याजोड्यांनी सांगतात, त्यामुळे कोणाचा क्रमांक उतरून घ्यायचा असेल तर दहा ते नव्व्याण्णव कानावर पक्के असावे लागतात. मी या सरावासाठी रस्त्यावरच्या मोटारींचे क्रमांक मनातल्या मनात वाचत असे.

झटपट_शिका :

इतके कशाला? मंगोलियन तरुण मोबाइलवर सर्रास इंग्रजी अक्षरांत लिहितात. तेवढे वाचता आले की दोन्ही लिप्यांचा त्रास वाचतो.

मोडीवाचक :

नम्रपणे असहमत आहे. मंगोलियनमध्ये ओ-उ या घराण्यातले चार वेगळे स्वर आहेत आणि मोबाइलवरच्या इंग्रजी अक्षरांत त्यांची सरमिसळ होते. कोणी एक अक्षर वापरतो, कोणी दुसरे. ज्याला शब्द आधीच ठाऊक आहे त्याला ते वाचता येते, नवशिक्याला नाही. सिरिलिक, म्हणजे पाट्यांवरची ती रशियनसारखी लिपी, एका आठवड्यात वाचता येऊ लागते, तेव्हा तो आठवडा द्यावाच.

रशियन वर्णमालेतील ३३ अक्षरांत दोन स्वरांची भर घालून मंगोलियन सिरिलिकची ३५ अक्षरे झाली. निर्णय १९४१ मध्ये झाला आणि १९४६ पासून ही लिपी अधिकृतपणे वापरात आली. इंग्रजीची सवय असलेल्या डोळ्याला काही अक्षरे फसवतात : ‘एच’सारखे दिसते ते न, ‘पी’सारखे ते र, ‘सी’सारखे ते स, ‘बी’सारखे ते व, आणि ‘एक्स’सारखे दिसते तो घशातला ख. सर्वांत मोठा सापळा ‘वाय’सारख्या दोन अक्षरांचा आहे. ज्याची दांडी सरळ उभी असते तो आपल्या ‘उ’च्या जवळचा स्वर, आणि ज्याची शेपटी तिरकी वळते तो ‘उ’ आणि ‘ओ’ यांच्या मधला. सरळ दांडीचे अक्षर हे नव्याने भर घातलेल्या दोनांपैकी एक; दुसरे म्हणजे पोटात आडवी रेघ असलेला गोल. किराणा दुकानाच्या पाटीवर ‘एक्स-वाय-एच-सी’ असे काहीसे दिसेल. ते ‘खुन्स’ आहे, म्हणजे खाद्यपदार्थ.

सराव दारापासून सुरू करावा. दारांवर ‘तत’ म्हणजे ओढा आणि ‘तुल्ख’ म्हणजे ढकला असे लिहिलेले असते. ‘तत’ हा शब्द इंग्रजी अक्षरे समजून वाचला तरी बरोबरच वाचला जातो, आणि अशी सवलत देणारे शब्द थोडेच आहेत. त्यानंतर ‘गुआन्झ’ (साधी खानावळ) आणि ‘एमीन सान’ (औषधांचे दुकान) हे ओळखू लागावे. एका अक्षराचे दोन उच्चारही लवकरच भेटतात : नऊ आणि नव्वद एकाच अक्षराने सुरू होतात, परंतु नऊ ‘योस’ आहे आणि नव्वद ‘येर’.

उभ्या लिपीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण माझा जीव तिच्यात अडकलेला आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी, चंगीझ खानाच्या काळात, उइगुर लिपीवरून ती घेतली गेली. ओळ वरून खाली उतरते आणि ओळी डावीकडून उजवीकडे सरकतात. चीनमधल्या आंतर-मंगोलियात ती कधी सुटलीच नाही. मंगोलियात २०१५ च्या भाषाविषयक कायद्याने २०२५ पासून सरकारी कागदपत्रे दोन्ही लिप्यांत असावीत असे ठरवले, तेव्हा तुम्हांला ती नोटांबाहेरही दिसत राहणार.

शिकवताना अक्षर शरीरासारखे सांगतात. मधली उभी रेघ म्हणजे ‘नुरू’, पाठीचा कणा. तिच्यातून बाहेर येणारा लहानसा टोकदार भाग म्हणजे ‘शुद’, दात. फुगीर वळण म्हणजे ‘गेदेस’, पोट. आरंभीची खूण म्हणजे ‘तितेम’, मुकुट. आणि शेवटी ‘सूल’, शेपूट. शब्दाच्या मध्ये आलेला ‘अ’ म्हणजे नुसता एक दात. त्याच दाताच्या डाव्या अंगाला टिंब दिले की तो ‘न’ होतो, आणि जुन्या हस्तलिखितांत ते टिंबही पुष्कळदा गाळलेले असते. शब्दाच्या मध्ये त आणि द यांत भेद करता येत नाही, ओ आणि उ एकसारखेच दिसतात. ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना हे नवल वाटणार नाही. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घ लेखनात दिसत नाही आणि वाचणारा शब्द ओळखून तो भरून काढतो. येथेही तसेच आहे.

शिवाय ही लिपी आजचा नव्हे, शतकांपूर्वीचा उच्चार लिहिते. ‘उलानबातर’ हे नाव तिच्यात ‘उलगान-बगातुर’ असे लिहिलेले असते. आणि तूलकाठच्या सदस्यांनी ज्या उगवणाऱ्या ‘न’विषयी लिहिले, तो खरे तर उगवत नाही, तो मुळात होताच. जुन्या लिखित भाषेत मोजण्याचे शब्दच गुरबान, दोरबेन, ताबुन असे आहेत. बोलताना शेवटचा ‘न’ झिजून गेला आणि पुढे नाम आले की मात्र टिकून राहिला.

जाता जाता आपल्याशी असलेले नाते सांगतो, कारण शब्द लक्षात ठेवायला त्याचा उपयोग होतो. ग्रहांची आजची मंगोलियन नावे बुद, सुगर, अंगारग, बरखसबादि आणि सनचिर अशी आहेत. बुध, शुक्र, अंगारक, बृहस्पती आणि शनैश्चर हे कोणालाही ओळखू येतील. कवितेला ‘शुलेग’ म्हणतात, तो आपला श्लोक; खंडाला ‘तिव’ म्हणतात, ते द्वीप; अंतराळाला ‘सनसार’ म्हणतात, तो संसार. जुन्या मंगोलियन आकड्यांतले दोन आणि तीन तर देवनागरी वाचणारा न शिकताही ओळखतो, कारण ते तिबेटी मार्गाने आपल्याच आकड्यांपासून आलेले आहेत. व्यवहारात मात्र आता सगळीकडे इंग्रजी आकडेच चालतात.

गोबीतला_पुणेकर :

दोघांचेही मनापासून आभार. आज जेवणाच्या सुट्टीत ‘तुल्ख’ वाचून दार ढकलले आणि ते उघडले. एक शंका उरली आहे. येथे सगळे थंडीविषयी बोलताना ‘योस’ मोजतात आणि ‘गुरवदुगार योस’ असे काही म्हणतात. नऊचा आणि थंडीचा काय संबंध?

हिवाळी_वाचक :

हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट मोजतात; एकूण ८१ दिवस, म्हणजे डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास सुरुवात करून मार्चच्या मध्यापर्यंत. ‘गुरवदुगार योस’ म्हणजे तिसरा नवक. ‘दुगार’ हा क्रम दाखवणारा प्रत्यय आहे. आधीच्या शब्दातला स्वर पाहून तो ‘दुगेर’ही होतो, म्हणून जानेवारी महिना ‘नेगदुगेर सार’, पण फेब्रुवारी ‘खोयरदुगार सार’.

प्रत्येक नवकाची एक खूण ठरलेली आहे आणि ती संख्येच्याच अक्षराने सुरू होते, कारण मंगोलियन पद्यात यमक ओळीच्या शेवटी नसून आरंभी असते. नेगमध्ये ‘नेरमेल’, म्हणजे गाळलेली दुधाची दारू, गोठते. खोयरमध्ये ‘खोर्ज’, म्हणजे पुन्हा गाळलेली जहाल दारू, गोठते. गुरवमध्ये ‘गुनन’, म्हणजे तीन वर्षांच्या बैलाचे शिंग गोठते आणि दोरोवमध्ये ‘दोनोन’, म्हणजे चार वर्षांच्या बैलाचे. तवमध्ये ‘तविसन’, म्हणजे बाहेर ठेवलेले शिजलेले धान्य गोठेनासे होते. जुरगामध्ये ‘जुराइसन’, म्हणजे रेघेसारखी वाट बर्फातून वर येते. दोलोमध्ये ‘दोव’, म्हणजे टेकाडांचे माथे तपकिरी दिसू लागतात. नाइममध्ये ‘नाल शाल’, म्हणजे सगळा चिखल. योसमध्ये ‘येरदीन’, म्हणजे नेहमीची ऊब येते.

एक ते नऊ पाठ करण्यासाठी याहून चांगले साधन मला सापडलेले नाही. तिसऱ्या आणि चौथ्यातील बैलांची नावेही पाहा : गुनन आणि दोनोन यांत गुरव आणि दोरोव ऐकू येतात. जनावराचे वयच शब्दात मोजलेले आहे.

गोबीतला_पुणेकर :

आज सकाळी आमच्या येथील मंगोलियन मुकादमांना मी हे नऊच्या नऊ म्हणून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, दोलोमधला माझा ‘ल’ तीनदा दुरुस्त केला आणि म्हणाले की दोनोनचा बैल यायला अजून पाच दिवस आहेत, तोवर हातमोजे दुहेरी घाला.