सात माणसं: मोटरहोम 25 फुटी घ्यावं की 30 फुटी?

तिसरं गेट, टिळकवाडी
नमस्कार मंडळी. पोरगा कॅलिफोर्नियात आहे. सप्टेंबरच्या शेवटी, गणपती झाल्यावर, आम्ही जातोय. मी, ही, व्याही, विहीणबाई, पोरगा, सून आणि दीड वर्षाची नात. तिथल्या योसेमिटी नॅशनल पार्कला, अप्पर पाइन्स नावाच्या कॅम्पग्राउंडवर (गाडी-तंबू लावून राहायची जागा) मोटरहोम लावून राहायचं ठरतंय. शेगडी, बिछाने, संडास सगळं गाडीतच. पोरगा म्हणतोय 30 फुटी घेऊ, सगळे आरामात झोपतात. मी बारा वर्षं स्वतःची टेम्पो ट्रॅव्हलर चोर्ला घाटातनं गोव्याला नेलेली, म्हणून पोटात गोळा येतोय.

काल दारात दोरी टाकून 30 फूट मोजले. आमची इनोव्हा साडेपंधरा फूट, म्हणजे एकामागं एक दोन इनोव्हा जवळजवळ. दोरीचं टोक शेजाऱ्यांच्या तुळशीवृंदावनापाशी गेलं. विहीणबाई म्हणाल्या, एवढ्यात आमचं अख्खं स्वयंपाकघर बसतंय की ओ. खरं तिथं लांबीची मर्यादा असते म्हणे. कुणाला माहीत आहे?

निपाणीचा जावई
काका, अप्पर पाइन्सला मोटरहोमची मर्यादा 35 फूट आणि मागं ओढायच्या ट्रेलरची 24. म्हणजे कागदावर 30 बसतंय. खरं 35 हा सगळ्या कॅम्पग्राउंडचा वरचा आकडा झाला. प्रत्येक जागेची लांबी बुकिंगच्या पानावर वेगळी दिलेली असते, आणि बऱ्याच जागा त्याहून आखूड. आम्ही आधी गाडी ठरवली, मग जागा शोधत बसलो. शेवटी मोठी गाडी रद्द करून 25 फुटी घेतली, भुर्दंड पडला तो पडला.

लांबी बंपरपासून बंपरपर्यंत धरा. मागं सायकलचा स्टँड असला तर तोही त्यातच. पुढं मोंटानात ग्लेशियर पार्कला जायचा विचार असला तर डोंगरातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर 21 फुटांच्या वर सोडतच नाहीत, रुंदी 8 फूट. तिथं 25 फुटीही बाद.

आणि वीज-पाण्याचं कनेक्शन योसेमिटीच्या जागांवर मिळत नाही. टाकी भरून घेऊन जायचं.

खानापूरची सून
मामा, फूट मोजलात, माणसं मोजली नाहीत! तिथं एका जागेवर सहाच जण चालतात, लहान मूल धरून. तुम्ही सात.

तिसरं गेट, टिळकवाडी
अगं बाई, नातीलाही धरतात? ती तर अजून विहीणबाईंच्या मांडीवरच असते.

खानापूरची सून
धरतात हो. दोन जागा घ्या. एकीवर 25 फुटी, दुसरीवर पोराची स्वतःची गाडी आणि तंबू. तरुण मंडळी तंबूत झोपतील. बुकिंग पाच महिने आधी, 15 तारखेला उघडतंय, तिथले सकाळचे सात. म्हणजे 15 एप्रिलला आपल्याकडं संध्याकाळी साडेसात. दोघांनी दोन फोन घेऊन बसा, मिनिटात जागा जातात.

तिसरं गेट, टिळकवाडी
पोराला फोन केला. तंबू म्हटल्यावर सून खूश, तो गप्प. 25 फुटी ठरली. आता दोरी पाच फुटांनी आत घेतोय, व्याही टोक धरून उभे आहेत. वळताना मागचं शेपूट किती बाहेर येतंय तेवढं एकदा बघायचं आहे.