आईचं मनगट मोडलं. हाडांची तपासणी करून घ्यावी का?

कृष्णाकाठ: आई 68 वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरातून येताना पायपुसण्यावरून घसरली, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. उभ्याउभ्या पडली, एवढंच. प्लास्टर निघालं, कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या, विषय संपला. शिबिरात टाच मशीनवर ठेवून 'हाडं जरा ठिसूळ आहेत' म्हणाले. आईचं म्हणणं, वयानं व्हायचंच. पण तिचे जुने परकर हल्ली जमिनीला लागतात. एवढं घाबरण्यासारखं आहे का?

फिजिओवाली: मनगटापेक्षा मला परकराची गोष्ट जास्त खटकली. ठिसूळ मणके दबत गेले की उंची घटते, पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. टाचेच्या मशीनवर विसंबू नका. कंबर आणि खुब्याचा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन करा, पाठीचा एक्स-रेही काढा. त्यात टी-स्कोअर येतो, म्हणजे तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा. तो उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. त्यावर नुसतं कॅल्शियम पुरत नाही. डी जीवनसत्त्व आणि थायरॉइडही बघून घ्या. पाळी लवकर गेली होती का? दम्यासाठी वगैरे स्टिरॉइड? आणि रागावू नका, मिश्री लावतात का? तंबाखूनं हाडं झिजतात.

नाचणीवाल्या आजी: मी 74. माझी हाडांसाठीची, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी रविवारी असते. उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. पुढचा अर्धा तास चहा नाही आणि आडवंही व्हायचं नाही. एकदा थंडीत परत गोधडीत शिरले, तर दुपारपर्यंत छातीत जळजळ! दाढ वगैरे काढायची असेल तर गोळी सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या.

नाव नाचणीवाली असलं तरी खरं सांगते. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. म्हणजे 50 ग्रॅम पिठाच्या भाकरीत पावणेदोनशे. आपल्या वयात दिवसाला हजार-बाराशे लागतं. दूध, दही, तिळाची चटणी जोडीला हवीच.

कृष्णाकाठ: डेक्सा झाला. कंबर उणे 2.9. एक्स-रेत एक मणका चेपलेला निघाला, आणि ती म्हणते, पाठ कधी दुखलीच नाही! डॉक्टरांनी आठवड्याची गोळीच दिलीय. पायपुसणं फेकलं, न्हाणीत धरायला दांडी बसवली.

फिजिओताई, मिश्री चाळीस वर्षं. डबी मी काल उचलून ठेवली. आज सकाळी तुळशीमागून दुसरी निघाली.