मदत हवी आहे: दहावीतल्या मुलीसाठी मे महिन्यात आपल्या गतीने करता येईल असा गणिताचा कोर्स

नमस्कार मंडळी,

मुलगी यंदा दहावीत, गोवा बोर्ड. आम्ही सत्तरी तालुक्यात राहतो, वाळपईपासून थोडं आत. आता आमच्याकडे नवीन वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं त्यामुळे दहावीचा पहिला धडा शाळेत झालाय आणि मग मेची सुट्टी लागलीय, म्हणजे हातात चारेक आठवडे आहेत. तिला तिच्या वेळेनुसार करता येईल असा ऑनलाइन गणिताचा कोर्स शोधतेय.

लाइव्ह क्लास नकोच. सकाळी काजूच्या बागायतीत घरातले सगळेच असतो, तीही येते, दुपारी पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी वाळवण-साठवणीची) कामं आणि संध्याकाळी गडगडायला लागलं की वीज जाते, विजेबरोबर नेट पण. गेल्या वर्षी एका ॲपचे पैसे भरले होते, संध्याकाळी सातचा क्लास, पहिल्या दहा दिवसांत चार बुडाले, रेकॉर्डिंग बघा म्हणाले पण तोवर वर्ग पुढे गेलेला, मग तिने सोडूनच दिलं. पैसे गेले त्यापेक्षा "मला गणित येतच नाही" हे तिच्या मनात बसलं त्याचं जास्त वाईट वाटतं.

आता खरी अडचण. ती चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, पाचवीपासून इंग्रजी. आपल्याकडच्या कितीतरी मुलांचं असंच होतं. परवा तिच्या वहीत एक गणित बघितलं, एक्स बाय टू अधिक एक्स बाय थ्री बरोबर 5. तिने वरची वर मिळवली, खालची खाली मिळवली आणि टू एक्स बाय फाइव्ह लिहून मोकळी. मी काही न बोलता मराठीत विचारलं, अर्धा आणि एक तृतीयांश मिळून किती गं? जरा विचार करून म्हणाली पाच षष्ठांश. बरोबर! मग म्हटलं इथे पण छेद सारखे कर की, तर म्हणाली "डिनॉमिनेटर म्हणजे छेद होय?" नववी पास झालेली मुलगी. मला रडूच आलं खरं तर. लसावि 6 घेऊन तिने तिथल्या तिथे एक्स बरोबर 6 काढून दाखवला. म्हणजे येतंय तिला, पण मराठीतलं मराठीत राहिलं आणि इंग्रजीतलं नुसतं पाठ झालं, दोन्हीची गाठ कोणी घालूनच दिली नाही. आणि दहावीचा पहिलाच धडा रिअल नंबर्स, त्यात एलसीएम एचसीएफ, म्हणजे आपले लसावि मसावि!

त्यामुळे दहावीचा सिलॅबस आधीच संपवून देणारा क्रॅश कोर्स मला नकोय. तिला सहावी सातवीच्या अपूर्णांकांपासून वर यायचंय.

खान अकॅडमी बघितलंय, फुकट आहे, आपल्या एनसीईआरटीच्या पुस्तकाप्रमाणे इयत्तावार कोर्स आहेत आणि उत्तर चुकलं तर पायरी पायरीने हिंट मिळते, ते मला आवडलं. नववीच्या कोर्सची चाचणी दिली तेव्हा त्रिकोणाची गणितं छान सोडवली, जिथे जिथे अपूर्णांक आला तिथे अडकली. पण खाली सहावीच्या कोर्सला जा म्हटलं तर "क्लास सिक्स" लिहिलेलं बघून लाजते, धाकटा भाऊ सहावीतच आहे ना.

तर ज्यांनी मुलांकडून असं काही करून घेतलंय त्यांनी सांगा, पूर्ण कोर्स पहिल्यापासून करायला लावलात की फक्त कच्चे धडे निवडून? आणि कोणी वेळ लावून दिलेली नसते तेव्हा मूल रोज बसावं म्हणून काय केलंत? माझी व्हिडिओ भराभर बघते आणि "समजलं" म्हणून उठते, खालची उदाहरणं सोडवतच नाही. मी बारावी कॉमर्स, नववीपर्यंतचं सांगू शकते, पुढचं अडलं तर विचारायचं कोणाला?

अपडेट: सगळ्यांना मनापासून थँक्यू. बालभारतीची सहावी सातवीची गणिताची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची फुकट पीडीएफ मिळतात, ती शेजारी शेजारी ठेवून वाचू दे असं ज्या ताईंनी सुचवलं त्यांचे विशेष आभार, माझ्या डोक्यात हे कधीच आलं नसतं. काल नेट होतं तेव्हा उतरवून घेतली, आता वीज गेली तरी मोबाइलवर उघडतात. वहीच्या मागच्या पानावर ती स्वतःच शब्दांची जोडी लावत बसलीय, अंश न्यूमरेटर, छेद डिनॉमिनेटर, चल व्हेरिएबल. धाकट्याला शिकवायचं म्हणून सहावीचं पुस्तक हातात दिलं तर लाज पण वाटत नाहीय.

एनसीईआरटीचं एक्झेम्प्लर (जादा सरावाच्या गणितांचं पुस्तक) सुचवलंत ते बघितलं, उत्तरं मागे आहेत पण कठीण वाटलं, ते जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर घेऊ.

रोज किती वेळ हे अजून ठरत नाहीय. सध्या दुपारी जेवणानंतर पाऊण तास बसते, त्यात आधी पाच उदाहरणं वहीत आणि मगच व्हिडिओ असं केलंय. मराठी शाळेतून इंग्रजीत गेलेलं मूल ज्यांच्या घरी आहे त्यांनी प्लीज लिहा, अपूर्णांक पक्के व्हायला तुम्हाला किती दिवस लागले? म्हणजे समीकरणं कधी सुरू करायची ते मला ठरवता येईल.